खाणारे बहुसंख्य, खप तुटपुंजा: आपल्या उपखंडातील मांसाहार कसा चालतो

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: भारतात मांसाहार करणारे लोक बहुसंख्य असल्याचे पाहण्या सांगतात, तरीही दरडोई मांसाचा खप जगात जवळजवळ तळाशी का आहे? आणि दुसरे असे की, थंड साखळीतून आलेले, हाडे काढलेले, पाकीटबंद मांस मिळत असताना गिऱ्हाईक हाडासकट आणि त्याच दिवशी कापलेले मांसच का मागते? प्रश्नकर्त्याला असे पाकीटबंद मटण विकण्याचा व्यवसाय सुरू करायचा आहे आणि लोकांची मानसिकता आड येते, अशी त्याची समजूत आहे.

मांसप्रक्रिया आणि मोठ्या पंगतींचा स्वयंपाक या दोन्ही कामांत माझी उमेदीची वर्षे गेली असल्याने मी हे दोन प्रश्न वेगळे मानत नाही. आपल्या उपखंडात बहुतेक घरांना मांस हे रोजचे अन्न म्हणून परवडले नाही आणि अनेकांना ते रोज चाललेही नाही. ते प्रसंगाचे अन्न राहिले. प्रसंगाला माणसे पुष्कळ असतात आणि मांस थोडे असते, म्हणून थोड्या मांसाचा स्वाद जास्तीत जास्त भाकरीला आणि भाताला कसा पोहोचेल, यावर येथील पाककला उभी राहिली. हाड, रस्सा, ताजेपणाचा आग्रह, ठरावीक वार आणि घरातील वेगळी चूल या सगळ्या गोष्टी त्यातूनच आल्या आहेत.

आधी आकडे पाहू. 2019 ते 2021 या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 49 वयोगटातील सुमारे 83 टक्के पुरुषांनी आणि सुमारे 71 टक्के स्त्रियांनी आपण मासे, कोंबडी किंवा मांस कधी ना कधी खातो, असे सांगितले. आठवड्यातून एकदा तरी खाणाऱ्यांचे प्रमाण मात्र पुरुषांत 57 आणि स्त्रियांत 45 टक्क्यांच्या आसपास उतरते. प्यू रिसर्च सेंटरने 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत 39 टक्के प्रौढांनी स्वतःला शाकाहारी म्हणवले, पण मांसाबाबत या ना त्या स्वरूपाचे बंधन पाळणारे 81 टक्के निघाले. वर्तमानपत्रांतून 39 या आकड्यावर वाद झडतात. धंदा करणाऱ्याने 81 लक्षात ठेवावा. दरडोई खप वेगवेगळ्या मोजणीनुसार वर्षाला 4 ते 7 किलोंच्या दरम्यान येतो, तर जगाची सरासरी 40 किलोंच्या वर आहे. देशाची सरासरी काढणेही फारसे उपयोगाचे नाही, कारण 2014 च्या नमुना नोंदणी पाहणीत राजस्थानात सुमारे 75 टक्के लोक शाकाहारी आढळले, तर तेलंगणात जेमतेम 1 टक्का.

या 81 टक्क्यांचा अर्थ समजायचा असेल, तर महाराष्ट्रातील कोणत्याही खाटकाला किंवा मासळीवाल्या कोळणीला आठवड्याचा हिशेब विचारावा. बुधवार, शुक्रवार आणि रविवार हे खायचे वार. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा किंवा देवीचा, गुरुवार दत्ताचा नाहीतर साईबाबांचा, शनिवार मारुतीचा. बुधवारी एकादशी किंवा शुक्रवारी संकष्टी आली की त्या दिवसाचा धंदा अर्ध्यावर येतो, आणि शहाणा दुकानदार आदल्या रात्रीच माल कमी मागवतो. आठवड्यात तीन दिवस मोकळे असलेल्या कुटुंबातही प्रत्यक्षात बहुधा रविवारीच मटण शिजते, कारण महाराष्ट्रातील शहरांत मटणाचा भाव किलोला 700 रुपयांच्या पुढे गेला आहे आणि चिकनच्या तुलनेत तो साधारण तिप्पट पडतो.

वर्षाचे चक्र आठवड्याहून कडक आहे. आषाढ म्हणजे आखाडाच्या पार्ट्या, त्याची अखेर गटारीला, आणि दुसऱ्या दिवसापासून श्रावण. काही घरे श्रावणापुरतीच पाळतात, काही गणपती विसर्जनापर्यंत ओढतात, तर चातुर्मास पाळणारे थेट कार्तिकापर्यंत थांबतात. पुढे नवरात्र, मग मार्गशीर्षातील गुरुवार. या काळात कोंबडीचे घाऊक दर पडतात, हे कुक्कुटपालन करणारा प्रत्येक शेतकरी जाणतो. येथे एक व्यावहारिक बाब सांगतो. उत्तर भारतात महिना पौर्णिमेला संपतो आणि आपल्याकडे अमावास्येला, त्यामुळे तिकडचा सावन आपल्या श्रावणाच्या सुमारे पंधरा दिवस आधी लागतो. दोन्हीकडे माल पाठवणाऱ्याला मागणीचा खड्डा एकाच वेळी न पडता पुढे-मागे पडतो आणि जो हे पंचांग पाहून पिल्ले टाकतो, तो नुकसानीतून वाचतो.

इतर प्रांतांचे महिने निराळे आहेत. तमिळनाडूत पुरट्टासी महिन्यात, म्हणजे सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, अनेक हिंदू कुटुंबे मांस वर्ज्य करतात. ओडिशात कार्तिक महिना पाळतात. त्याचे शेवटचे पाच दिवस, म्हणजे पंचुक, एरवी न पाळणारेही पाळतात आणि कार्तिक पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी ‘छाडखाई’ म्हणून मटणाच्या दुकानांपुढे रांगा लागतात. आपली गटारी महिन्याच्या आधी येते आणि त्यांची नंतर, एवढाच फरक. केरळात शबरीमलेला जाणारा माणूस 41 दिवसांचे व्रत धरतो. बंगालमध्ये दुर्गापूजेच्या दिवसांत मटण आणि मासे हा आनंदाचाच भाग असतो, त्यामुळे नवरात्र म्हणजे उपवास असे मानणारा मराठी किंवा गुजराती माणूस कोलकात्यात त्या दिवसांत गोंधळून जातो. कोकणातील काही समाजांत तर एकाच घरात, एकाच सणात दोन रीती नांदतात: गणपतीला मोदक आणि गौरीला तिखटाचा नैवेद्य, म्हणजे मटण, मासे किंवा चिंबोऱ्या. काही घरांत त्या वेळी गणपतीपुढे पडदा ओढतात.

वार पाळणे हा केवळ हिंदूंचा प्रकार नाही. पाकिस्तानात गुरांची टंचाई होऊ नये म्हणून सरकारने मंगळवार आणि बुधवार हे मांसविक्री बंदीचे दिवस ठरवले होते. श्रीलंकेत पोयाच्या दिवशी, म्हणजे प्रत्येक पौर्णिमेला, मद्याबरोबर मांसाचीही विक्री बंद असते. नेपाळात उलट दसैंचे, म्हणजे दसऱ्याचे, दिवस खसीच्या, म्हणजे खच्ची केलेल्या बोकडाच्या, खरेदीचे असतात आणि डोंगराळ खेड्यांतील पुष्कळ कुटुंबांसाठी वर्षातील मोठा मांसाहार तोच असतो.

आता घराच्या आत येऊ. सर्वेक्षणाचा प्रश्न व्यक्तीला विचारलेला असतो, पण निर्णय बहुधा चुलीवर होतो. पश्चिम महाराष्ट्रात माळकरी आजी-आजोबा असलेल्या घरांत मटणाचे पातेले वेगळे, पळी वेगळी आणि कित्येकदा चूलही वेगळी, अंगणात किंवा परसात मांडलेली असते. त्या दिवशी स्वयंपाक पुरुष करतात. एरवी चहाही न करणारा माणूस मटणाचे वाटण मात्र स्वतः वाटून घेतो. घर खाणारे आहे की नाही, या प्रश्नाला येथे एक उत्तर नसते. शहरातील भाड्याच्या घरात किंवा शाकाहारी सोसायटीत राहणारी माणसे घरी शिजवतच नाहीत, बाहेर खातात. हॉटेलांच्या मटण थाळीवर रविवारी पडणारी झुंबड काही अंशी या गैरसोयीची देणगी आहे.

स्त्री-पुरुषांतील बारा टक्क्यांचे अंतरही येथूनच येते. व्रते स्त्रियांनी पाळायची, वाढताना चांगले तुकडे पुरुषांच्या आणि पाहुण्यांच्या ताटात जायचे आणि उरलेला रस्सा शेवटच्या पंगतीला, ही रीत सरसकट संपलेली नाही. बंगाली उच्चवर्णीय हिंदूंमध्ये विधवेला मासे आणि मांसच नव्हे, तर कांदा, लसूण आणि मसूर डाळही वर्ज्य असे. तिच्यावर लादलेल्या या निर्बंधातून बंगाली शाकाहारी पाककला समृद्ध झाली, असे कौतुकाने सांगितले जाते. पाककलेचे मोठेपण मान्य करूनही ते कौतुक माझ्या घशाखाली उतरत नाही.

कोणता प्राणी खायचा, हा प्रश्न धर्मापुरता असता तर उत्तर सोपे झाले असते. ब्राह्मण म्हणजे शाकाहारी, हे समीकरण काश्मिरी पंडित, बंगाली आणि मैथिल ब्राह्मण व कोकण-गोव्यातील सारस्वत यांच्याजवळ येऊन मोडते. पंडितांच्या रोगनजोशमध्ये मटण चालते, पण परंपरेने कांदा-लसूण नसतो. तेथे हिंग, बडीशेप आणि सुंठ हे काम करतात. काश्मिरी मुसलमानांच्या वाझवानात, म्हणजे मेजवानीत, मात्र कांद्याच्या जातीचे ‘प्राण’ असते. बंगालमध्ये कालीला दिलेल्या बोकडाचे मांस कांदा-लसणाशिवाय शिजवतात आणि त्याला ‘निरामिष मांस’, म्हणजे शब्दशः शाकाहारी मांस, म्हणतात. बाहेरच्याला हे विनोदी वाटते, पण त्या घरात सोवळ्याची रेषा प्राण्यापाशी नसून कांद्यापाशी ओढलेली असते.

आपल्याकडे मटण म्हणजे बहुधा बोकडाचे. तरीही पुणे परिसरात बोल्हाई देवीला मानणारी अनेक घराणी बोकड खात नाहीत आणि मेंढ्याचेच मटण घेतात. त्यांच्यासाठी ‘बोल्हाईचे मटण’ अशी पाटी लावणारी दुकाने आणि खानावळी आहेत, आणि पंगतीचे काम घेताना यजमानाला हे आधी न विचारणारा आचारी तोंडघशी पडतो. शिखांमध्ये अमृतधारी व्यक्तीला हलाल पद्धतीचे मांस निषिद्ध आहे आणि लंगरात तर मांस नसतेच. मुसलमानांना हलाल हवे आणि डुक्कर वर्ज्य. डुकराला सवर्ण हिंदूंची नापसंती धर्मापेक्षा उकिरड्यावर फिरणाऱ्या डुकरांच्या दृश्यातून आलेली आहे, असे माझे निरीक्षण आहे, कारण जेथे डुक्कर घरच्या निगराणीत वाढते किंवा शिकारीचे असते, तेथे ते मानाचे मांस ठरते. कोडगूचे पंदी करी कचंपुळीच्या आंबटपणावर उभे असते, गोव्याचे सोरपोतेल व्हिनेगरवर, आणि नागालँडमध्ये धुरावलेले डुक्कर बांबूच्या कोंबांबरोबर किंवा आंबवलेल्या सोयाबीनबरोबर शिजते.

गोमांसाबद्दल मोघम बोलणारे पुष्कळ आहेत, म्हणून नेमके सांगतो. महाराष्ट्रात गोहत्येवर 1976 च्या कायद्याने बंदी होती. 2015 मध्ये तिच्यात बैल आणि वळू आले. दुसऱ्या राज्यात कापलेल्या गुरांचे मांस बाळगणे हा गुन्हा ठरवणारे कलम मुंबई उच्च न्यायालयाने मे 2016 मध्ये रद्द केले, बंदी मात्र कायम ठेवली. म्हशी-रेड्यांना ती लागू नाही. केरळ आणि ईशान्येकडील बहुतेक राज्यांत परिस्थिती वेगळी आहे. केरळात खोबऱ्याच्या कापांबरोबर परतलेले बीफ ख्रिस्ती, मुसलमान आणि बरेच हिंदूही खातात. नेपाळात गाय राष्ट्रीय प्राणी आहे, पण काठमांडूच्या नेवारांची छोयला म्हशीच्या मांसाचीच असते आणि तेथील मोमोमध्येही बहुधा तेच असते. बांगलादेशातील चितगावच्या मेजबानात, म्हणजे मोठ्या पंगतीत, गोमांसाचे हंडे चढतात. पाकिस्तानात बकऱ्याचे ते ‘छोटा गोश्त’ आणि गाई-म्हशीचे ते ‘बडा गोश्त’. पहिले महाग व पाहुण्याला शोभणारे, दुसरे स्वस्त आणि निहारीसाठी योग्य. म्हणजे धार्मिक बंदी नसली, तरी प्राण्यांची उतरंड राहतेच आणि तेथेही सामान्य कुटुंबाच्या ताटात आठवड्यातील बहुतेक दिवस डाळ आणि भाजीच असते.

या उतरंडीत जातीची बाजू टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. महाराष्ट्रात मेलेले जनावर ओढण्याचे काम महारांवर लादलेले होते आणि त्या जनावराचे मांस हा त्या कामाचा मोबदला समजला जाई. ते वाळवून टिकवलेल्या चान्या हे भुकेच्या दिवसांसाठीचे नियोजन होते. 1927 मध्ये महाड येथील परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावराचे मांस खाणे सोडून देण्याचे आवाहन केले, ते आरोग्यापेक्षा आत्मसन्मानासाठी होते. म्हणून वजडी, रक्ती किंवा मुंडी यांना आज हॉटेलात ‘गावरान मेजवानी’ म्हणून चढ्या भावाने विकताना, हे पदार्थ ज्यांच्याकडे नाइलाजाने आले आणि ज्यांनी त्यांना चव दिली, त्यांची आठवण ठेवलेली बरी.

मासे हा स्वतंत्र ग्रंथाचा विषय असल्याने दोनच गोष्टी सांगतो. बंगाली माणसाला नदीचा इलिश आणि रोहू प्रिय, तर कोकणी माणसाला रोहूला चिखलाचा वास येतो आणि त्याला बांगडा, सुरमई, बोंबील हवे. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, त्यामुळे पावसाळ्यात सुकट आणि सुके बोंबील हाच आधार असतो.

एवढी बंधने असूनही मांसाहार येथे फार जुना आहे. अशोकाच्या पहिल्या शिलालेखात राजाच्या मुदपाकखान्यात पूर्वी असंख्य प्राणी मारले जात आणि आता रोज दोन मोर व एक हरिण एवढेच मारले जातात, हरिणही नेहमी नाही, अशी नोंद आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लासा’त डुकराचे मांस भाजण्यापासून कासव शिजवण्यापर्यंतच्या कृती आहेत. शाकाहार हा या भूमीचा मूळ स्वभाव आणि मांस ही परकीयांची देणगी, असे ज्यांना वाटते त्यांनी या दोन नोंदी वाचाव्यात.

आता हाडाकडे येतो, कारण प्रश्नातील व्यवसायाचे यश त्यावर अवलंबून आहे. उस्मानाबादी किंवा संगमनेरी जातीचा कापण्याजोगा बोकड जिवंत वजनाने साधारण 20 ते 25 किलो भरतो आणि त्यातून 10 ते 12 किलो मटण निघते. त्यात चरबी कमी, स्नायू लहान आणि स्नायूंना बांधणारे कोलॅजेन भरपूर. युरोपात गोमांसाचा जाड तुकडा कापून तव्यावर भाजतात, तसा तुकडा या प्राण्याच्या अंगात मुळात नसतोच. असे मांस कोरड्या आचेवर चिवट होते, पण ओल्या आचेवर दीर्घकाळ ठेवले तर कोलॅजेनचे जिलेटिन होते आणि रस्सा ओठांना चिकटेल इतका दाट होतो. हे जिलेटिन आणि नळीतील मज्जा हाडाबरोबर येतात. किलोभर मटणात पाव किलोच्या आसपास हाडे असतात. ती काढून टाकली तर गिऱ्हाइकाच्या दृष्टीने रस्साच काढून टाकला.

कोल्हापुरी रीत पाहिली की हे स्पष्ट दिसते. मटण हळद, मीठ, आले-लसूण आणि थोडा कांदा घालून भरपूर पाण्यात शिजवतात. मीठ असले तरी त्या पाण्याला ‘अळणी’च म्हणतात. त्यातील एक भाग नारळाचे दूध, तीळ आणि खसखस घालून पांढरा रस्सा होतो, दुसरा कांदा-लसूण मसाल्यावर तांबडा रस्सा होतो आणि शिजलेले तुकडे बाहेर काढून सुक्यासाठी परततात. लहान मुलांना आणि आजारातून उठलेल्याला त्यातलेच वाटीभर अळणी मिळते. एक किलो मटणात आठ-दहा माणसांचे जेवण अशा रीतीने निघते आणि कोणाच्याही वाट्याला तीन-चार तुकड्यांपेक्षा जास्त येत नसताना प्रत्येकाला भरपेट मटण खाल्ल्याचे समाधान मिळते. दरडोई खप कमी का, याचे निम्मे उत्तर या पातेल्यात आहे. ज्यांच्याकडे कळप मोठे आणि पिके थोडी, तेथे पाककला वेगळी झाली: बलुच लोक सज्जीसाठी अख्खे कोकरू आगीसमोर भाजतात आणि पेशावरकडचे नमकीन गोश्त मीठ व दुंब्याच्या, म्हणजे जाड शेपटीच्या मेंढ्याच्या, चरबीवरच होते. तेथे मांसाला रश्श्याच्या आडून पुरवठ्यास आणावे लागत नाही.

दुकानात उभे राहून पाहिले तर गिऱ्हाइकाची मागणी किती काटेकोर असते, ते कळते. ‘सीना आणि चाप मिक्स द्या, मांडीचे थोडे, दोन नळ्या, चरबी बेताची आणि कलेजीचा एक तुकडा टाका’ ही नेहमीची मागणी आहे. सीन्याला चरबी आणि कुरकुरीत कूर्चा, चापेला कोवळे मांस, मांडीला गर, नळीला मज्जा. एका पातेल्यात हे सर्व हवे असते, कारण घरातील प्रत्येकाचा आवडता तुकडा ठरलेला असतो. पुष्कळ खाटीक सोललेल्या बोकडाचे वृषण तसेच ठेवून तो आकड्याला टांगतात. तो नर असल्याचा पुरावा असतो, कारण व्यालेल्या म्हाताऱ्या शेळीचे मांस लवकर शिजत नाही आणि ती गळ्यात मारली जाण्याची भीती गिऱ्हाइकाला असते. बोकड खच्ची केलेला असेल तर उग्र वासही टळतो. टांगलेल्या जनावराची चरबी पांढरी आहे की पिवळट, मांस गुलाबी आहे की काळपट, बरगड्या किती बारीक, यावरून वय ओळखणारी माणसे अजून आहेत. पाकिटात ही तपासणी करता येत नाही. मानसिकतेला दोष देण्याआधी हे लक्षात घ्यावे की, विकणारा गिऱ्हाइकाच्या हातातील सर्व कसोट्या काढून घेतो आणि बदल्यात चकचकीत लेबल देतो.

त्याच दिवशी कापलेल्या मांसाच्या आग्रहामागेही ठोस कारण आहे. जनावर मारल्यानंतर काही तासांत स्नायू ताठरतात. या ताठरण्याआधी मांस पातेल्यात गेले तर ते बऱ्यापैकी मऊ शिजते आणि पाणी धरून ठेवते. ताठरल्यानंतर तीन-चार अंश तापमानात दोन-तीन दिवस ठेवले, तर मांसातील विकरेच ते पुन्हा मऊ करतात. उष्ण हवेत, बर्फाशिवाय, दुसरा मार्ग शतकानुशतके उपलब्धच नव्हता, म्हणून पहिला मार्ग हीच चव झाली. खरी अडचण मधल्या अवस्थेची आहे. बोकडाचे धूड लहान आणि त्यावर चरबीचे आवरण पातळ असल्याने ते शीतगृहात फार वेगाने गार होते. ताठरण्याची क्रिया पुरी होण्याआधी तापमान दहा अंशांच्या खाली गेले तर स्नायू आखडतात आणि ते मटण चार शिट्ट्यांनीही रबरासारखे राहते. ‘फ्रिजचे मटण शिजत नाही’ ही गृहिणींची तक्रार म्हणजे अंधश्रद्धा नव्हे. घाईने गार केलेल्या मटणाबाबत ती शंभर टक्के खरी आहे.

मात्र ताजे म्हणजे स्वच्छ, हा समज मी पुरता नाकारतो. उघड्या गटाराशेजारी, एकाच लाकडी ठोकळ्यावर दिवसभर कापलेले, माशा बसलेले मांस तासाभरापूर्वीचे असले तरी घाणच असते. घरी आणून नळाखाली जोराने धुतल्याने जंतू जात नाहीत, ते ओट्यावर आणि शेजारच्या कोथिंबिरीवर उडतात. आपल्या पदार्थांना तारते ती दीर्घकाळ दिलेली कडक आच.

कातडी काढलेल्या कोंबडीची आवड जुनी नाही. गावरान कोंबडी आजही पिसे उपटून, जाळावर भाजून, हळद चोळून कातडीसकट शिजवली जाते आणि बोकडाची मुंडी व पायेही तसेच भाजतात. शहरात ब्रॉयलरच्या दुकानात पिसांसकट कातडी ओढून काढणे मिनिटाभराचे काम असते, तर गरम पाण्यात बुडवून पिसे काढायला सोय आणि पाणी लागते. शिवाय ओल्या रश्श्यात ब्रॉयलरची कातडी बुळबुळीत होते आणि मसाला आत जाऊ देत नाही. दुकानदाराची सोय अशा रीतीने गिऱ्हाइकाची आवड झाली.

ब्रॉयलरने जेवढा बदल केला, तेवढा कोणत्याही प्रचाराने केला नसता. 1970 च्या दशकापासून संघटित कुक्कुटपालन वाढत गेले आणि आज देशातील मांस उत्पादनात कोंबडीचा वाटा निम्म्याच्या आसपास आहे. ज्या धर्मांत मांस चालते, त्यांपैकी कोणत्याही मोठ्या धर्मात कोंबडी निषिद्ध नाही, ती लहान असल्याने एका कुटुंबात एका वेळी संपते आणि स्वस्तही आहे. तिच्यामुळे मांसाहार प्रसंगातून सुटून आठवड्याच्या ताटात आला. हाड चोखण्याचा कंटाळा करणारी पिढीही याच कोंबडीवर वाढली; टिक्का, लॉलीपॉप आणि बिर्याणीवर वाढलेल्या मुलांना नळीचे महत्त्व पटवणे कठीण आहे. म्हणजे हाडविरहित मांसाला बाजार आहे, पण तो कोंबडीत आहे आणि तरुणांत आहे. मटणात तो नाही, निदान अजून नाही.

प्रश्नकर्त्याला माझा सल्ला त्यामुळे असा आहे. मटणाचे हाडविरहित पाकीट हा मुख्य माल करू नये. खिमा तेवढा ठेवावा. मुख्य पाकीट मिक्स असावे आणि त्यात किती तुकडे सीन्याचे, किती चापेचे, नळी किती, हे वर स्पष्ट लिहावे. कलेजी वेगळ्या छोट्या पाकिटात द्यावी. जनावर नर होते की मादी, साधारण वय काय, मेंढी की बोकड, कापण्याची पद्धत कोणती आणि तारीख-वेळ काय, हे दर्शनी भागावर हवे, कारण टांगलेल्या धडाकडे पाहून गिऱ्हाईक हेच वाचत असते. बोल्हाईवाल्यांसाठी मेंढीचे पाकीट रंगानेच वेगळे ओळखू यावे आणि दोन्हींची कापणी एकाच पाटावर होऊ नये. धड कापल्यापासून पहिले दहा-बारा तास ते दहा अंशांच्या वर ठेवून मगच पूर्ण गार करावे आणि निदान एक दिवस मुरू द्यावे. शीतगृहाचा ठेकेदार वीज आणि वेळ वाचवण्यासाठी याला विरोध करील, त्याचे ऐकू नये. मालाचे नियोजन पंचांग समोर ठेवून करावे, विक्री शनिवारी रात्री आणि रविवारी सकाळी नऊच्या आत पोहोचेल अशी ठेवावी, आणि श्रावणात यंत्रे दुरुस्तीला काढावीत.